खाली ठेवता येत नाही

"सदर महिला आरोपी कडूबाई तात्याराव, राहणार उंबरजवळा, हिने तिच्या ताब्यातील लाकडी दांडा असलेले व एका टोकास भोपळा असलेले हत्यार उचलून—"

"थांब. काय म्हनलीस?"

उत्तरा वकील वाचायची थांबली. "हत्यार."

"कशाला हत्यार म्हनायलेत?"

"वीणेला, मावशी."

कडूबाई उठून उभी राहिली. परभणीतल्या त्या एका खोलीच्या ऑफिसात उठून कुठं जायला जागा नव्हती. समोर टेबल, मागं फायलींचं कपाट, शेजारच्या स्टुलावर पुतण्या भागवत. तरी ती उभीच राहिली. साठीची बाई, कपाळाला बुक्का, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. पोलिसांनी गाडीत ढकललं तेव्हा ती एवढी तापली नव्हती. ठाण्यात दिवसभर फरशीवर बसवून ठेवलं तेव्हाही नाही. रस्ता अडवला तर पोलीस धरणारच, एवढं तिला कळत होतं. त्यासाठी ती घरातून तयारीनंच निघाली होती. शेळीचं बघायला शेजारणीला सांगून. पण वीणा?

"वाच म्होरं. उभ्यानंच ऐकते."

"—फिर्यादी पोलीस शिपाई महारुद्र यांच्या उजव्या खांद्यावर मारून त्यांना दुखापत केली व शासकीय कामात अडथळा आणला. मारहाणीत सदर हत्यार फुटले."

भागवत हसला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. हसताना तो ती दुसऱ्या हातानं दाबून धरी. "फुटले म्हनं. आपोआप."

"तू हसू नको," कडूबाई म्हणाली.

"मंग काय करू काकी? रडून बघितलं की."

*

झालं होतं ते असं.

उंबरजवळ्याच्या अलीकडून ओढा जातो. त्यावर नळकांडी पूल आहे. सिमेंटच्या नळ्या टाकल्या, वरून माती आणि खडी, झाला पूल. जोराचा पाऊस आला की पाणी पुलावरून जातं आणि गाव पलीकडं राहतं. नव्या पुलाचा नारळ दोनदा फुटला होता, एकदा या पक्षाच्या हातून, एकदा त्या. कडूबाईच्या नवऱ्याला, तात्यारावांना, छातीत कळ आली तेव्हा त्यांना जीपमध्ये निजवलं होतं, आणि जीप पाणी उतरायची वाट बघत काठावर उभी होती. पाणी उतरलं. तोवर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून त्या साली गावानं ठरवलं, सप्ताह देवळात बसवायचा नाही. फाट्यावर, हमरस्त्याच्या मधोमध मांडव घालायचा आणि तिथंच हरिनाम चालू ठेवायचं. साहेब लोकांना ओढ्यापर्यंत यायला सवड नसते, तर ओढ्यामुळं अडून राहणं म्हणजे काय ते त्यांना रस्त्यावर कळू दे.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी जी एकाच्या गळ्यात पडते ती काल्याचं कीर्तन होईपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते. एकाचा पहारा सरत आला की दुसरा येतो. पायातलं काढतो, पाया पडतो, मान पुढं करतो. पहिला आपल्या गळ्यातली काढून त्याच्या गळ्यात घालतो आणि मगच जेवायला नाहीतर झोपायला जातो. उंबरजवळ्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही. दुधावर झाकण ठेवायला जसं कुणी शिकवत नाही, तसंच.

सकाळचा पहारा कडूबाईचा होता.

तालुक्याचे पुढारी दिनकरराव गाडीतून आले, माईक घेतला, "पूल होईपर्यंत आम्ही इथून उठणार नाही" म्हणाले. टाळ्या झाल्या. लांबून पोलिसांच्या गाड्या दिसल्या आणि दिनकरराव उठले.

मग लाठ्या. कुणी उठा म्हणालं नाही, कुणी मोजून वेळ दिली नाही. भागवत पखवाज वाजवत बसला होता. लाठी पखवाजावर बसली ती बोटांसकट. मांडवाचा एक खांब गेला आणि कापड खाली आलं. टाळकरी टाळांसकट ओढले गेले. शेवटी रस्त्याच्या मधोमध एकटी कडूबाई राहिली, गळ्यात वीणा, बोटं तारेवर. पळून जाणं तिला सुचलं नव्हतं. वीणा कुणाला द्यायची तेही सुचत नव्हतं, कारण देण्यासारखं जवळ कुणी उरलं नव्हतं.

"ए बाई, ते खाली ठेव!" फौजदार ओरडला.

"खाली ठेवता येत न्हाई, साहेब."

"ठेव म्हणतो ना!"

"सप्ताह चालू हाय. कुनीतरी गळ्यात घ्या, मंग मला कुठं न्यायचं तितं न्या."

तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात जवळ एक तरुण शिपाई होता, हातात लाठी, घामानं निथळलेला. "बाबा," ती म्हणाली, "तू घे रं."

आणि त्यानं घेतली.

लाठी मांडवाच्या खांबाला टेकवली. टोपी काढून काखेत धरली. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, तापल्या डांबरावर अनवाणी उभा राहून कडूबाईच्या पाया पडला आणि मान पुढं केली. तो होता महारुद्र, पाथरीकडचा. त्याच्याही गावात सप्ताह बसतो. त्याच्या डोक्यात काही यायच्या आधी त्याचं बोट तारेवर गेलं होतं.

फौजदारानं मागं वळून पाहिलं तर आपला माणूस, बोडका, अनवाणी, भर रस्त्यात वीणा वाजवतोय. तो धावत आला आणि त्यानं दांडी धरून वीणा ओढली. पट्टा तुटला. भोपळा जीपच्या दारावर आपटला. एवढ्या आरडाओरड्यातही तो आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि क्षणभर पोलीससुद्धा थांबले.

फुटलेल्या वीणेला काहीतरी कारण पाहिजे होतं. ते ठाण्यात बसून तयार झालं.

*

भागवतनं आपल्या बोटांबद्दल अर्ज दिला. अर्जावर शेरा पडला:

अर्जदार गर्दीत पडून जखमी झाला असण्याची शक्यता. चौकशी चालू.

ती अजून चालू आहे.

*

दोन पावसाळे गेले. दिनकरराव एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेले. तो पक्ष सत्तेत होता. मग वरून आदेश आला की राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागं घ्यावेत. आरोपी क्रमांक एक दिनकरराव सुटले. त्यांच्या पाठोपाठ गाव सुटलं, भागवतही सुटला. आदेशात खाली एक ओळ होती:

मात्र शासकीय कर्मचाऱ्यावर हल्ला केलेल्या आरोपींना सदर सवलत लागू राहणार नाही.

हल्ला केलेली आरोपी एकच होती.

दिनकरराव गावात आले तेव्हा देवळासमोर बायका-माणसं जमली होती. सप्ताह तोंडावर आला होता, आणि गावाची वीणा ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत पडून होती. गेल्या वर्षी शेजारच्या गावाची मागून आणली होती. उत्तरानं वीणा सोडवायला अर्ज केला होता, पण सरकारी वकील म्हणाले, गुन्ह्यातलं हत्यार आहे, खटला संपेपर्यंत देता येणार नाही.

"काकू, मी सगळं बोलून आलोय," दिनकरराव म्हणाले. "तुम्ही गुन्हा कबूल करा. वयाकडं बघून कोर्ट उठेपर्यंत शिक्षा देतील, थोडा दंड. दंड मी भरतो. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे काय, बाकावर बसायचं, संध्याकाळी घरी. वीणा तुमच्या हातात."

"कंचा गुन्हा कबूल करायचा?"

"तोच. मारल्याचा."

"म्या वीणा मारली म्हनू?"

"अहो, तोंडानं म्हणायचंय फक्त. म्हणायला काय जातंय?"

"तोंडानंच हरिनाम घेते म्या," कडूबाई म्हणाली. "दुसरं तोंड कुठून आणू?"

लोक हसले. दिनकररावही हसले, पण त्यांना घाई होती. "काकू, हट्ट करू नका. गावाचा सप्ताह आहे."

"तुमी भाषण केलं अन् सुटलात. आमी भजन केलं अन् अडकलाव. गावाचं मला नका सांगू, दिनकरराव. पूल कुठवर आलाय ते सांगा."

"प्रस्ताव गेलाय."

"मंग माज्या कबुलीचाबी जाऊ द्या."

लोक पांगले तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. दोन-तीन बायका जाता जाता म्हणाल्या, कडूबाई, मोकळी हो ना माय, आमाला आमची वीणा पाहिजे. त्यांचं खोटं नव्हतं. तिलाही वीणाच पाहिजे होती. पण जिनं वीणेनं माणसाला मारलं असं कागदावर कबूल केलं, तिनं ती पुन्हा कुठल्या मानेनं गळ्यात घ्यायची, हे तिला कुणी सांगितलं नाही.

*

साक्षीच्या दिवशी पालमहून परभणीला जाणाऱ्या गाडीला गर्दी होती. भागवत दारातूनच म्हणाला, "काकी, कंडक्टरला सांगू का? सोबत हल्लेखोर आरोपी हाय म्हनून?"

"सांग. बसायला जागा तरी मिळंल."

कोर्टात तिला मागच्या बाजूला, लाकडी कठड्यात उभं केलं. महारुद्र साक्षीच्या पिंजऱ्यात आला. अंगावर इस्त्रीचा गणवेश, पायात चकाकणारे बूट. दोन वर्षांत चेहरा भरला होता. त्यानं कडूबाईकडं पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं तसं तो सांगत गेला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, कुठं न अडखळता. जमाव बेकायदेशीर होता. जमावाला समज दिली. आरोपीनं हत्यार उचललं. खांद्यावर मारलं.

मुद्देमाल कारकुनानं एक पोतं आणलं आणि त्यातून वीणा बाहेर काढली. तिच्या खुंटीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. भोपळ्याला हातभर भेग. तारा गंजलेल्या. कारकुनानं ती फरशीवर आडवी ठेवली.

"खाली ठेवली," कडूबाई म्हणाली.

"आरोपी, शांत राहा," जज मॅडम म्हणाल्या.

"हीच ती वस्तू का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"होय."

मग उत्तरा उठली. ती एकेक विचारत गेली आणि महारुद्र एकेकाला "नाही" म्हणत गेला. प्रत्येक "नाही"चं पूर्ण वाक्य करून जज मॅडम टंकलेखकाला सांगत होत्या, आणि ते कोर्टभर ऐकू येत होतं:

हे म्हणणे खरे नाही की, आरोपीने मला वीणा मारली नाही.

हे म्हणणे खरे नाही की, आरोपीने वीणा माझ्या गळ्यात घातली.

हे म्हणणे खरे नाही की, मी टोपी काढून आरोपीच्या पाया पडलो.

हे म्हणणे खरे नाही की, फौजदार साहेबांनी वीणा माझ्या गळ्यातून ओढली.

हे म्हणणे खरे नाही की, ती जीपच्या दारावर आपटून फुटली.

हे म्हणणे खरे नाही की, भागवत यांच्या बोटांवर लाठी मारण्यात आली.

कडूबाई भागवतकडं वाकली. तो कठड्याच्या पलीकडं बाकावर बसला होता. "हे समदं लिवायलेत का?"

"व्हय काकी."

"मंजे झालं ते समदं लिवलंय. पाया पडला, गळ्यात घेतली, साहेबानं ओढली, तुजी बोटं. समदं हाय. फकस्त प्रत्येकाच्या म्होरं 'खरं न्हाई' लावलंय."

"तसंच असतंय म्हनं कोर्टात."

"काय बाई अजब लिवनं हाय. दोन वर्सांत आपलं खरं पयल्यांदा कुनीतरी लिवून घेतलं, अन् तेबी असं."

हे म्हणणे खरे नाही की, मी वरिष्ठांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.

उत्तरा कागद चाळत थोडी थांबली. तिचे प्रश्न संपत आले होते, आणि साक्षीदार कुठंच हलला नव्हता. तिनं मान वर केली.

"तुमच्या उजव्या खांद्यावर मारलं म्हणता. कसं मारलं? ती वस्तू हातात घ्या आणि कोर्टाला करून दाखवा."

"हरकत आहे," सरकारी वकील उठले. "नाटक चाललंय का इथं?"

"दाखवू द्या," जज मॅडम म्हणाल्या. "हवेत नको सांगायला. पिंजऱ्यातून खाली या, शिपाई."

महारुद्र खाली आला. वीणेपासून दोन हातांवर थांबला.

मग वाकला, आणि नाड्या सोडायला लागला.

आधी कुणाला कळलं नाही. टंकलेखक चाकरीत म्हातारा झालेला माणूस. त्याला वाटलं बुटात खडा गेला असेल. पोलिसी बूट, नाड्या लांब, गाठी दुहेरी. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ निघेना. साक्षीदार कोर्टाच्या मधोमध एका गुडघ्यावर बसून गाठीशी झगडत होता आणि सगळं कोर्ट बघत होतं. सरकारी वकील दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, काय करतोयस?" त्यानं वर पाहिलं नाही. दुसरा बूट निघाला. दोन्ही बूट त्यानं जोडीनं बाजूला सरकवले. वीणेला हात लावून तो हात कपाळाला लावला, मग दोन्ही हातांनी ती उचलली. पट्टा तुटलेला होता, तरी त्याची मान आपसूक पुढं झाली.

"दाखवा," जज मॅडम म्हणाल्या. "कसं मारलं?"

तो तसाच उभा राहिला. पोटाशी वीणा, भोपळ्याखाली हात.

"शिपाई?"

"दाखवता येईना, मॅडम."

"का?"

"वीणा हाय ही."

"बूट का काढलेत तुम्ही?" उत्तरानं विचारलं. आवाज चढवला नाही.

"पायात घालून घेत न्हाईत."

"फाट्यावर घेतलीत तेव्हा काढले होते का?"

महारुद्रनं त्या दिवशी पहिल्यांदा कडूबाईकडं पाहिलं.

"काढले व्हते," तो म्हणाला. "मावशीनं मारली न्हाई. मावशीनं माझ्या गळ्यात घातली. साहेबांनी ओढली. जीपच्या दाराला लागून फुटली. ह्यांच्या बोटावर लाठी बसली ती म्या बघितली. कुनाची व्हती तेबी बघितलं."

टंकलेखकाचे हात थांबले होते. "लिहा," जज मॅडम म्हणाल्या. "जसं म्हणतात तसं लिहा."

तेवढ्यात सरकारी वकील उठले. साक्षीदार सरकार पक्षाला साथ देत नाही, म्हणाले. त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी द्यावी. आणि मग महारुद्रच्या जबाबात ते लिहिलं गेलं, जाड अक्षरात:

साक्षीदार फितूर.

"फितूर?" कडूबाई म्हणाली. तिनं आवाज खाली ठेवला नाही. "खोटं बोलायलाता तवर साक्षीदार व्हता. खरं बोलला अन् फितूर झाला?"

"मावशी," उत्तरा म्हणाली, "कायद्यातला शब्द आहे तो."

"कायद्यातला असू दे न्हाईतर कुठला असू दे. शिवी हाय."

*

निकालाच्या दिवशी महारुद्र नव्हता. त्याला निलंबित केलं होतं आणि त्याची खात्यामार्फत चौकशी लागली होती. कोर्टात खोटी साक्ष दिली, हा ठपका. फौजदार बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. ज्या प्रकरणात लाठ्या चालल्या, बोटं मोडली, वीणा फुटली, खोटी फिर्याद लिहिली गेली, त्या प्रकरणात चौकशी एका माणसाची झाली. ज्यानं बूट काढले त्याची.

जज मॅडमनी वाचलं: "साक्षीदार फितूर झाल्याने गुन्हा शाबित होत नाही. आरोपी कडूबाई तात्याराव यांची संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता करण्यात येते. मुद्देमाल वीणा अपील मुदतीनंतर परत द्यावी."

भागवतनं हात जोडले. उत्तरानं फाईल मिटली. कडूबाई जागची हलली नाही.

"सुटलात तुम्ही, बाई," जज मॅडम म्हणाल्या. "जा आता."

"कंचा संशय, मॅडम?"

"काय?"

"संशयाचा फायदा म्हनलात. संशय कुनाला हाय? मला न्हाई. त्या पोराला न्हाई. त्या साहेबाला तर बिलकूल न्हाई, त्याच्याच हातानं फुटली. तुमाला हाय का?"

कोर्टात कुणीतरी खोकलं. जज मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या, हे कडूबाईला कळत होतं. म्हणूनच तिनं विचारलं होतं.

"माझ्यासमोर खटला तुमचा होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही मारलं की नाही, एवढाच. वीणा कुणी फोडली हा प्रश्न माझ्यासमोर नव्हता."

"मंग कुनाम्होरं हाय?"

"त्यासाठी तुम्हाला फिर्याद द्यावी लागेल."

"कुठं?"

जज मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "ठाण्यात."

त्या दिवशी कडूबाई कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहिली. भागवत म्हणाला, काकी, चल, पालमची गाडी जाईल. ती म्हणाली, "दिनकरराव म्हनला व्हता, कबूल केलं तर कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. न्हाई कबूल केलं, सुटले, तर काय मिळतंय ते बघू दे." सगळे उठून गेले. शिपायानं पंखे बंद केले. काही मिळालं नाही.

*

अपिलाची मुदत सरली आणि वीणा देण्याचा हुकूम ठाण्यात पोचला. मुद्देमाल कारकुनानं ती पोत्यासकट पुढं सरकवली, "सही करा अन् घेऊन जा" म्हणाला.

कडूबाईनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या. तिनं पोतं बाजूला केलं, खुंटीची सुतळी सोडली. भागवतनं नवा पट्टा आणला होता; तो त्यानं वाकड्या बोटांनी, दातांची मदत घेत बांधला. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही, कारण पहारा बदलत नव्हता. पहारा तिचाच होता. फाट्यावरचा सप्ताह मोडला होता, पण उठला नव्हता. काला झाला नव्हता. वीणा तिच्या गळ्यात पडली आणि ती ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. शेजारी उत्तरा.

ठाणे अंमलदार नवा होता, तोंडावरून बरा माणूस. "या मावशी. मिळाली ना वस्तू? झालं मग."

"फिर्याद द्यायची हाय."

"कशाची?"

"हिला फोडल्याची. ह्याची बोटं मोडल्याची. खोटं लिवल्याची."

अंमलदारानं उत्तराकडं पाहिलं. उत्तरानं होकाराची मान हलवली.

"कुणाविरुद्ध?"

कडूबाईनं नाव सांगितलं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. खोलीतली टाइप करण्याची टकटक थांबली. बाकावर बसलेल्या दोन शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हे बघा मावशी," अंमलदार हळू आवाजात म्हणाला, "जुनं प्रकरण आहे. तुम्ही सुटलात. साहेब आता इथं नाहीत. अर्ज देऊन जा, मी वरती पाठवतो."

"अर्ज ह्यानं दिलाय. त्याची चौकशी चालू हाय म्हनं. ह्याची बोटं जुळली बी, वाकडी. चौकशी चालूच हाय. मला अर्ज न्हाई द्यायचा. आमच्यावर लिवली तशी फिर्याद लिवा."

"बरं, बसा तरी. ते खाली ठेवा, पाणी घ्या, मग निवांत बोलू."

"खाली ठेवता येत न्हाई."

"म्हणजे?"

"सप्ताह चालू हाय. फाट्यावर बसला तोच. कुनीतरी गळ्यात घ्या, न्हाईतर लिवून घ्या."

बाकावरच्या शिपायांतला एक खाली बघायला लागला, स्वतःच्या बुटांकडं. मग दुसराही.

कडूबाईनं तारेला बोट लावलं. भेगेमुळं आवाज घोगरा आला. तरी तो मुद्देमालाच्या खोलीपर्यंत, आतल्या कोठडीपर्यंत गेला. कोठडीतल्या कुणीतरी विचारलं, "काय चाललंय हो?" तिनं पुन्हा बोट लावलं. बाहेर झाडाखाली उंबरजवळ्याच्या बायका येऊन बसल्या होत्या, तेव्हा "मोकळी हो" म्हणणाऱ्याही. आवाज ऐकून त्यांतली एक उठली आणि दाराशी चपला काढायला लागली. पुढचा पहारा तिचा होता.

अंमलदारानं टेबलावर पेन शोधायला सुरुवात केली. कागद उचलले, खण उघडला, खण बंद केला. पेन त्याच्या खिशालाच होतं.

"खिशात हाय," कडूबाई म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.